चुलीपासून पानापर्यंत

कोणी तक्रार घेऊन आलं की ते खुर्चीतून उठायचे, टोपी सारखी करायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधायचे आणि म्हणायचे, "चला, चालून बघू." तक्रार कोणाविरुद्ध, किती जुनी, खरी की खोटी, यातलं काही विचारायचं नाही. ती जिथं सुरू झाली तिथं जाऊन उभं राहायचं आणि जिथं संपली तिथपर्यंत पायी यायचं. तक्रार करणारा बिचारा मागून चालायचा आणि अर्ध्या वाटेवर त्याला पश्चात्ताप व्हायचा.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना जग नीट चालावं असं मनापासून वाटतं. ती शेजारी असली तर सोसत नाहीत आणि नसली तर करमत नाही. माझ्या वाट्याला हे गृहस्थ दोन्हीकडून आले. दवाखान्यात ते बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, आणि मी कंपाउंडर. घरी, ग्वाल्हेरच्या दाना ओली नावाच्या गल्लीत, त्यांच्या आणि माझ्या बिऱ्हाडात एकच भिंत, तीही अशी की पलीकडं फोडणी पडली की अलीकडं ठसका लागायचा.

मूळचे ते संस्थानच्या मेजवानखान्यातले. पाहुण्यांचं खाणंपिणं, उठबस, तंबू-राहुट्या, सगळं त्या खात्याकडं. एका मोठ्या मेजवानीत गोऱ्या पाहुण्याच्या पानात पुरी गार आली. पाहुणा बोलला काही नाही, पण त्यानं पुरी बोटानं दाबून पाहिली आणि तेवढ्यानं मुदपाकखान्यात हाहाकार झाला. आचाऱ्याला काढून टाका, असा वरून हुकूम आला. हे म्हणाले, आधी चालून बघू. चुलीपासून निघाले, वाढप्याच्या मागोमाग. मधल्या दालनात सरदार मंडळी गप्पा मारत उभी होती. प्रत्येक सरदार दिसला की वाढपी थबकायचा, ताट डाव्या हातावर तोलायचा आणि उजव्या हातानं मुजरा घालायचा. सरदार पुष्कळ होते. पानापर्यंत पोचेतो पुरीनं मान टाकलेली असायची.

मुजरे बंद करा, असं म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. यांनी वाट बदलली. ताटं मागच्या ओसरीतून जायला लागली. आचाऱ्याची नोकरी वाचली, आणि आपले मुजरे कमी का झाले हे सरदारांना कधीच कळलं नाही. ही हकिकत मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की शेवट मीच आधी म्हणून टाकायचो. तरी ते तो पुन्हा म्हणायचेच. "कोणी केलं ते विचारू नका, कंपाउंडर. कुठं झालं ते विचारा. माणूस बदलायला जन्म जातो, वाट बदलायला एक ओसरी पुरते."

मग संस्थानं विलीन झाली. ग्वाल्हेर आणि इंदूर एकत्र येऊन नवं राज्य झालं, आणि दोघांपैकी कोणालाच वाईट वाटू नये म्हणून राजधानी थंडीत आमच्याकडं आणि उन्हाळ्यात इंदुरात ठेवायची असं ठरलं. कचेऱ्याच्या कचेऱ्या पेट्यांत बसून प्रवास करायच्या. तुमचं काम अडलं तर इथं सांगायचे कागद इंदुरात आहे, आणि इंदुरात सांगायचे ग्वाल्हेरला गेला. जुन्या खात्यांतली माणसं नव्या खात्यांत जिरवायची होती. फीलखान्यात हत्तींची व्यवस्था बघणारा एक कारकून शाळाखात्यात गेला. आपल्याला फारसा फरक जाणवला नाही, असं तो सांगायचा. मेजवानखाना तर बंदच झाला, कारण आता पाहुणे कोणी उरले नव्हते, सगळेच मालक झाले होते. आमचे हे दवाखान्यात आले. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या आणि म्हणाले, "इथंही वाढायचंच काम आहे. पाहुणा तेवढा आजारी आहे."

पहिली संक्रांत माझ्यावर आली. त्या काळी लोक औषधाला घरून बाटली आणायचे. रांगेत तिष्ठत माझ्या खिडकीशी पोचायचे, मी बाटली हुंगायचो आणि म्हणायचो, "धो के लाओ." नळ मागच्या अंगणात. धुऊन आला की पुन्हा रांगेच्या शेपटाला. मला यात काही वावगं दिसत नव्हतं. खिडकीपुढं लांब रांग असली की आपण कोणी तरी आहोत असं वाटतं. यांनी एक तेलकट बाटली घेतली, रांगेत उभे राहिले, माझं "धो के लाओ" ऐकून घेतलं, नळावर गेले, परत आले. दुसऱ्या दिवशी रांगेच्या तोंडाशी पाण्याचा रांजण आणि तांब्या. बाकी काही नाही. रांग निम्म्या वेळात संपायला लागली आणि माझा रुबाबही.

मी चिडून म्हटलं, "मग लगे हात दुसरी खिडकी पण उघडून टाका ना."

"एका वेळी एकच," ते म्हणाले. "दोन गोष्टी बदलल्या तर गुण कशानं आला ते कळणार कसं?"

तिकडं सरकार त्याच महिन्यात खाती, हुद्दे, पगार, कायदे आणि राजधानी एकदम बदलत होतं. गुण कशानं आला हे कळण्याची अडचण तिथं नव्हती, कारण गुण येतच नव्हता.

सगळीकडं त्यांचं जमलं असं समजू नका. बाड्यावरच्या चौकात एका हलवायाकडं सकाळी बेडईच्या डाळभरल्या पुऱ्यांना आणि जिलेबीला झुंबड उडायची. यांना ते बघवेना. त्यांनी त्याला बेडई एका बाजूला आणि जिलेबी दुसऱ्या बाजूला ठेवायला लावली. गर्दी सुरेख पांगली. आठवड्याच्या आत हलवाई हात जोडून दारात. "बाबूजी, भीड़ नहीं दिखती तो ग्राहक समझता है माल बासी है. मेरी भीड़ वापस कर दो." यांनी मुकाट्यानं जिलेबी पुन्हा बेडईशेजारी नेली. घरीही तीच गत. स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, किती फेऱ्या होतात ते बघून त्यांनी मिठाची बरणी चुलीजवळ आणली. वहिनींनी ती परत फळीवर ठेवली. त्यांनी पुन्हा आणली. तिसऱ्या दिवशी जेवण अळणी आलं, आणि चुलीजवळची बरणी रिकामी निघाली. त्यानंतर बरणी फळीवरच राहिली.

दवाखान्यातली एक वाट मात्र त्यांना सापडत नव्हती, ती बाळंतिणींच्या वॉर्डाची. सुखरूप मोकळी झालेली बाई दोन-तीन दिवसांत तापानं फणफणायची. काही उठायच्या, काही उठायच्या नाहीत. आमच्या डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या, कामाला चोख. अवजारं स्वतःसमोर उकळून घ्यायच्या, हात धुण्यावरून दाईला फैलावर घ्यायच्या, वॉर्डात उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब वापरू द्यायच्या नाहीत. तरी ताप हटेना. शहराच्या लष्कर भागातल्या बायका एकमेकींना सांगायला लागल्या की तिथं जायचंच असेल तर माहेरच्यांना भेटून जा.

आणि नेमकी तेव्हा त्यांची लेक शालू झाशीहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या पायांवर सूज होती, डोकं दुखायचं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "हिचं घरी करू नका. घरी काही झालं तर माझ्यापाशी आणेपर्यंत उशीर होईल." बडे बाबूंनी मान डोलावली. वहिनींनी डोलावली नाही. भिंतीपलीकडचं सगळं आम्हांला ऐकू यायचं.

"तुमच्या तिथं बायका मरून राहिल्यात आणि मी पोरीला तिथं पाठवू?"

"घरी धोका आहे म्हणतात त्या."

"असू दे. घरी मी तरी असेन."

घरी सूज, दवाखान्यात ताप, आणि शालूला सातवा सरत आलेला. त्या दिवसांत ते माझी थट्टाही करेनासे झाले. मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

एके सकाळी ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "तुमचं पाणी आपण चुलीपासून चालत जाऊन बघू." मलाही घेतलं, कारण वॉर्डात जाणारं औषधी लोशन माझ्याकडून जायचं. आम्ही तिघं पातेल्यामागून निघालो. पाणी खळखळ उकळलेलं होतं, झाकण होतं, धरायला धुतलेलं फडकं होतं. ओसरी, जिना, वॉर्ड, कोपऱ्यातली घडवंची. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. त्यांनी पुन्हा चालून पाहिलं. मग म्हणाले, "आपण मागून चाललो की सगळे मुजऱ्याच्या तयारीनं चालतात. पाहुण्याच्या जागी बसून बघायला पाहिजे." वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर, पडद्याच्या फटीशी, आम्ही बसून राहिलो. दाई आम्हांला विसरून गेली.

दुपारच्या सुमारास एक बाई अडलेली आली. दाईनं पाणी आणलं, घडवंचीवर ठेवलं, झाकण काढलं. मग कोनाड्यातून एक हिरवी बाटली काढली, कपाळाला लावली आणि तिची धार पातेल्यात सोडली.

डॉक्टरीणबाई उठून आत गेल्या. "यह क्या डाला?"

"गंगाजल है, बाईजी," दाई म्हणाली. तिला विचारलेलं आवडलंच. "चौके से आया पानी, जाने किस-किसने छुआ. जच्चा का काम है, सुद्ध तो करना पड़ेगा न."

बडे बाबू दारात उभे होते. सवयीप्रमाणं त्यांनी कोणी ते विचारलं नाही. "कहाँ से आता है?"

"लो, बाबूजी पूछ रहे हैं कहाँ से," दाई हसली. "आप ही के घर से. बहूजी हर सोमवार भेजती हैं. जच्चाओं के लिए."

तुम्ही आमच्याकडचे असाल तर पुढचं सांगायला नको. वहिनी काशीला जाऊन आल्या तेव्हा गंगेचा गडू घेऊन आल्या होत्या. असा गडू कधी संपत नाही. उणा झाला की आडाचं पाणी घालायचं. गंगेत मिळालं की ते गंगाच होतं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. त्यांचा गडू वर्षानुवर्षं तळापर्यंत रिकामा झालेला नव्हता. त्यातलं तीर्थ मीही कित्येकदा घेतलं होतं. वॉर्डातल्या परक्या, गरीब बाळंतिणींची त्यांना कणव यायची, म्हणून त्या बाटली भरून पाठवायच्या. त्यांच्यापाशी त्याहून मोलाचं दुसरं काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पातेलं स्वतः ओतून दिलं आणि दुसरं चढवायला सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उकळलेल्यात कच्चं पडलं की सगळं कच्चंच."

बडे बाबू बाकावर येऊन बसले. समोर अंगणात पाच नंबरच्या खाटेची गादी उन्हात टाकलेली होती. त्या खाटेवरची बाई आदल्या दिवशी तापानं गेली होती. ते त्या गादीकडं बघत राहिले. त्यांची टोपी हातात होती आणि ती डोक्यावर घालायचं त्यांना सुचत नव्हतं. जन्मभर कुठं कुठं करत फिरलेला माणूस, आणि चालत चालत पोचला तो स्वतःच्या देव्हाऱ्यापाशी. कोणी दुसऱ्यानं ही गोष्ट सांगितली असती तर मी हसलो असतो. तिथं बसून मला रडू आलं.

बऱ्याच वेळानं ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "माझ्या घरात हे कळू देऊ नका."

"मी कशाला सांगू? पण त्यातला एक थेंबसुद्धा पातेल्यात नको."

बाटली बंद केली तर वहिनी विचारणार का बंद केली. खरं सांगितलं तर त्या बाईला उरलेल्या आयुष्यात झोप लागणार नाही. त्यांनी सरदारांच्या वेळी केलं तेच केलं. संध्याकाळी जेवताना ते वहिनींना सांगत होते आणि मी भिंतीअलीकडं घास हातात धरून ऐकत होतो. "दवाखान्यात ठरलंय की गंगाजलाचा मान मोठा. कोपऱ्यात कोनाड्यात ठेवणं बरं नाही. आता दारातच ठेवणार. बाई आत येताना आधी तिच्यावर शिंपडायचं, मग बाकीचं सगळं."

पलीकडं वाटी सरकवल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. ताक वाढू का?"

दाईलाही नवी रीत पटली. आधी गंगा, मग उकळी. ताप एका दिवसात गेला नाही, पण हळूहळू तो वॉर्डातून निघून गेला. राजधानी आमच्याकडं असतानाच्या मोसमात एक मोठे अधिकारी पाहणीला आले आणि हे एकीकरणाचं फळ आहे, असं भाषण करून गेले. दाई म्हणाली गंगामैयाची कृपा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात धुवा. वहिनींनी एक दिवस आपणहून सांगितलं, "दारात ठेवल्यापासून गुण आला म्हणतात. शालूचं तिथंच करा." बडे बाबू हो म्हणाले आणि बाजारात जातो सांगून बाहेर पडले. मी मागून गेलो तर ते गल्लीच्या तोंडाशी भिंतीकडं तोंड करून उभे होते.

शालूचं अवघडच गेलं. डॉक्टरीणबाई हाताशी होत्या म्हणून निभावलं. मुलगी झाली. तिसरा दिवस गेला, चौथा गेला, अंग गार राहिलं. ते वॉर्डाच्या दारात उभे राहून सगळ्यांसमोर रडले आणि मग मला म्हणाले, "रांजणातलं पाणी संपलंय तुमच्या, बघा जरा."

पुढं देशाचा नकाशा पुन्हा आखला गेला. आमचं नवं राज्य आणखी मोठ्या राज्यात गेलं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्याबरोबर कचेऱ्या गेल्या. अनुभवी माणूस म्हणून यांनाही बोलावणं आलं. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांना जिरवण्यात आलं. भोपाळहून आलेले लोक सांगायचे, तुमचे बडे बाबू अडलेल्या कागदामागून एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत हात मागं बांधून चालत असतात, आणि ते येताना दिसले की लोक कागद खणात घालतात. तिथंच, पेन्शनीत निघायच्या थोडं आधी, ते कचेरीतच हृदयविकारानं गेले. बातमी कळल्यावर मी औषधाची खिडकी बंद केली आणि दिवसभर उघडली नाही.

वहिनी दाना ओलीत परत आल्या. भाद्रपदात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, नवमीला तुमच्या घरचीला जेवायला पाठवा." अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. वहिनी दाना ओलीत होत्या तेव्हा दर वर्षी माझ्या बायकोलाच बोलवायच्या. आम्ही समजत होतो, सासूबाईंच्या नावानं असेल.

मी हो म्हटलं. त्या तरी तशाच बसून राहिल्या.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "गंगाजल दारात आणून ठेवलं ना, त्याच्या आदल्या दिवशी एक बाई गेली होती. तिचं नाव काय हो?"

मी कप खाली ठेवला. "तुम्हांला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? ज्याचा मान वाढवायचा त्याला आतून उठवून कोणी उंबऱ्यावर थोडीच बसवतं." त्या शांतपणे बोलत होत्या. "त्या दिवशी जेवताना हे माझ्याकडं बघतच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी गडू तुळशीत रिकामा केला. पुढं बाटलीत जे पाठवत होती ते आडाचं पाणी, उकळून. शालूला म्हणून तर पाठवलं तिथं."

"मग बडे बाबूंना का नाही बोललात?"

"ह्यांनी माझ्यासाठी एवढी वाट वळवली. मला कळलंय म्हटलं असतं तर सगळं फुकट गेलं असतं. सुखानं होते बिचारे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मी त्या बाईच्या नावानं सवाष्ण घालते. पण पान वाढलं की मनात नाव घ्यायचं असतं ना. माझ्याकडं नावच नाही. तुम्ही तिथं होता. तुम्हांला माहीत असेल."

मी आठवून पाहिलं. भिंडकडची असावी. तिचा नवरा तान्हं मूल घोंगड्यात गुंडाळून फाटकाबाहेर बैलगाडीत चढला, ते मला खिडकीतून दिसलं होतं. आम्ही तिला पाच नंबर म्हणायचो. डॉक्टरीणबाई नागपूरला परत गेल्या होत्या, दाई वारली होती, आणि ज्यांनी त्या दिवशी इतका वेळ गादीकडं बघितलं त्यांनीही तिचं नाव विचारलं नव्हतं.

"नाही माहीत, वहिनी," मी म्हणालो.

त्या नवमीला माझी बायको जेवून आली आणि पायरीवरच बसली. म्हणाली, "वहिनींनी पान वाढलं, पानाभोवती पाणी फिरवलं आणि हात जोडून कितीतरी वेळ तशाच उभ्या. मला जेवावं की थांबावं कळेना. शेवटी मी विचारलं, वहिनी, सुरू करू का? तर म्हणाल्या, जेव बाई. नाव नाही, पण ती ओळखेल."